तार

"हे बोटांचं कधीपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं, आणि मी हसले.

२०१७ चा जून. पुण्यातल्या एका मेंदूच्या डॉक्टरांची खोली. बाहेर ओल्या छत्र्यांचा वास, आत एसीचा गारठा. आण्णा खुर्चीत ताठ बसले होते, शर्टाची गळ्यापाशीची गुंडीसुद्धा लावून, चीफ केमिस्टच्या केबिनमध्ये बसायचे तसे. आम्ही आलो होतो वेगळ्याच तक्रारीसाठी. चालताना त्यांचा उजवा पाय ओढायचा, अंगणात दोनदा तोल गेला होता, आणि गावाकडच्या डॉक्टरांनी मणक्याचं काही असेल म्हणून इकडे धाडलं होतं. उजवा हात गुडघ्यावर होता आणि त्या हाताचा अंगठा तर्जनीच्या पेरावरून पुढेमागे सरकत होता, चिमटीत साबुदाण्याएवढी गोळी धरून ती वळत बसल्यासारखा. "हे होय?" मी म्हणाले. "हे आमच्या जन्माआधीपासूनचं आहे, डॉक्टर. आण्णा साखर कारखान्यात पॅनला होते. पॅनवाल्यांची बोटं अशीच असतात." डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी आण्णांना टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलायला सांगितला. ग्लास उचलला तशी बोटं थांबली. ग्लास खाली ठेवला, हात पुन्हा गुडघ्यावर आला, आणि थोड्याच वेळात अंगठा आपला पुन्हा सुरू. डॉक्टर पुढे वाकले. "काका, हे तुम्ही करताय, की होतंय?"

आण्णा आपल्याच हाताकडे बघत राहिले, पाळीवर नव्याने आलेल्या पोराकडे बघावं तसे. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आधी करत होतो."

साखर कारखाना बाहेरून कुणी पाहिला नाही असं आपल्याकडे नसेल. धुराडं, गव्हाण, काट्यावर लागलेली ट्रॅक्टरांची रांग, मळीचा तो नाकात बसणारा वास. पण आतल्या तिसऱ्या मजल्यावर, जिथे पॅन असतात, तिथे बाहेरचं माणूस सहसा जात नाही. पॅन म्हणजे खोलीएवढं उंच, बंद, पोट सुटलेलं लोखंडी भांडं. आत वाफेच्या नळ्या, वरून व्हॅक्यूम. व्हॅक्यूममुळे सिरप साठ-पासष्ट अंशांतच उकळतं, म्हणून करपत नाही. त्या काळपट सिरपातून दाणा उभा करायचा, हे पॅनवाल्याचं काम. भांड्याच्या पोटाला गोल काच असते, आतलं रटरटणं दिसण्यापुरती. शेजारी एक पितळी दांडा, प्रूफ स्टिक. तो फिरवून ओढला की त्याच्या खाचेत आतला थोडा माल येतो. तो अंगठ्यावर घ्यायचा, वर तर्जनी टेकवायची आणि बोटं उघडायची. तार येते. किती लांब येते, कुठे तुटते, तुटताना मागे आखडते की नुसती गळून जाते, यावरून आत काय चाललंय ते कळतं. मग उरलेलं काचेच्या पट्टीवर पसरून बल्बसमोर धरायचं आणि दाणा बघायचा. सगळी मेख अशी की सिरप पातळ राहिलं तर आहे तो दाणाही विरघळतो, आणि फार घट्ट झालं तर नको तिथे नवा, भुगा-भुगा दाणा फुटतो. त्याला फॉल्स ग्रेन म्हणतात. आमच्या घरात ही शिवी होती. या दोन्हींच्या मधे एक चिंचोळी पट्टी असते. तिथे असलेला दाणाच तेवढा वाढतो, नवा जन्मत नाही. त्या पट्टीत अख्खं पॅन तास-तास सांभाळायचं, सिरप थोडं-थोडं पाजत. आण्णा 'पाजत' असंच म्हणायचे.

ती बोटं मग घरीही थांबायची नाहीत. चहा बशीत ओतला की कडेचा एक थेंब अंगठ्यावर. मधाची बाटली आली की मध. चिखलात चालून आले की बुटाच्या कडेचा चिखल. नाना पाटेकर टीव्हीवर काहीतरी जोरात बोलत असायचा आणि आण्णा मन लावून बघताना हाताची चिमूट चालूच. लाडवांचा पाक हे तर त्यांचंच खातं. एरवी स्वयंपाकघरात पाऊल न टाकणारा माणूस दिवाळीच्या आदल्या आठवड्यात कॉलनीतल्या सात-आठ घरी बोलावला जायचा. बायका पदर सावरून बाजूला व्हायच्या, आण्णा चमच्यातला थेंब घ्यायचे, बोटं उघडायचे, आणि "अजून दोन मिनटं" किंवा "उतरवा, उतरवा" एवढंच बोलून निघायचे. चव कधी बघायचे नाहीत. त्यांना गोड आवडायचंच नाही, हे आई हसून सगळ्यांना सांगायची.

त्या अंगठ्यावर ठसा नव्हता. सत्तर अंशांच्या आसपासचा माल रोज पंचवीस-तीस वेळा घेऊन कातडी अशी झाली होती की चहाच्या उकळत्या पातेल्याला ते सांडशीशिवाय हात लावायचे. पुढे आधारच्या वेळी मशीनने तो अंगठा ओळखला नाही. पेन्शनचा हयातीचा दाखला अंगठा लावून काढायची सोय आली तेव्हा तर दर नोव्हेंबरला तमाशा. यंत्रावर अंगठा ठेवायचा, लाल दिवा. पुसून ठेवायचा, लाल दिवा. तिथला पोरगा म्हणायचा, "आजोबा, जरा दाबून." ईपीएस ९५ ची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाच्या योजनेतली, ती पेन्शन, तिचा आकडा इथे लिहीत नाही, औषधांच्या महिन्याच्या बिलाशेजारी तो फारच केविलवाणा दिसेल.

ते १९७१ साली हंगामी हेल्पर म्हणून लागले. पुढच्याच वर्षी दुष्काळ. ऊसच नव्हता, तर कारखाना कशाचा? तो उन्हाळा त्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडण्यात काढला. मिलोची, म्हणजे दुष्काळात बाहेरून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी हा विषय निघाला की ते उठून बाहेर जायचे. उस्ताद त्यांना भेटला तो त्यानंतर, उत्तर प्रदेशातून आलेला, पान खाणारा, धोतरावर कारखान्यात यायचा. त्याने पहिले दोन हंगाम आण्णांना काचेपाशी उभंच राहू दिलं नाही. फक्त फरशी धुवायची आणि वाफेचा व्हॉल्व्ह सांगितला तसा फिरवायचा. तिसऱ्या हंगामात एका रात्री त्याने नुसता अंगठा पुढे केला आणि म्हणाला, "बता." आण्णांनी आपलं बोट त्याच्या अंगठ्यावर टेकवून तार काढली. काय सांगितलं ते त्यांना आठवत नव्हतं. बरोबर आलं एवढं आठवत होतं. मग पॅनमन, मग पुण्याजवळच्या मांजरीला जाऊन केलेला एक छोटा कोर्स, आणि १९८६ पासून २००८ ला निवृत्त होईपर्यंत पॅन सुपरवायझर. बावीस हंगाम.

आमच्याकडे वर्ष जानेवारीत सुरू व्हायचं नाही. दसऱ्याच्या सुमाराला बॉयलर पेटायचा, मग गव्हाणीत मोळी पडायची, आणि तिथून पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, घराचं घड्याळ चार-बारा-आठ. पहाटे चारला भोंगा, दुपारी बाराला भोंगा, रात्री आठला भोंगा. आण्णांची रात्रपाळी असली की आम्ही भावंडं सकाळभर कुजबुजत बोलायचो. आई कुकरची शिट्टी काढून ठेवायची आणि डाळ उघड्या पातेल्यात शिजवायची. दोरीवरच्या कपड्यांवर बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोयट्यांच्या, राखेची काळी कुसं येऊन बसायची, ती झटकायची नाहीत, फुंकायची, हे आम्हाला अक्षरांच्या आधी शिकवलेलं. आण्णांचे कामाचे कपडे सिरपाने वाळून पापडासारखे कडक होत. त्यांचे बूट उंबऱ्याबाहेर एका ताटलीत, पाण्यात उभ्या केलेल्या विटेवर ठेवलेले असायचे, मुंग्यांसाठी. तरी मुंग्या यायच्याच. एकदा मी विचारलं होतं, "आण्णा, मुंग्यांना कळतं का कोण कुठल्या खात्यात आहे?" "सल्फरवाल्याकडं जातात का बघ जा," ते म्हणाले. मी खरंच जाऊन बघून आले. रसाला गंधकाचा धूर देतात त्या सल्फर स्टेशनवर काम करणाऱ्या काकांच्या बुटाशी एकही मुंगी नव्हती.

सुपरवायझरचं घर कॉलनीत असणं ही काय चीज आहे, ते त्या घरात वाढल्याशिवाय कळायचं नाही. मोठे साहेब बंगल्यात राहत, कामगार चाळीत, आणि आम्ही चाळीच्याच टोकाच्या जरा मोठ्या दोन खोल्यांत. आई नळावर गेली की बायकांचं बोलणं अर्ध्यात बदलायचं. गणपतीची वर्गणी आमच्याकडे पाच रुपये जास्त. आण्णा रस्त्याने गेले की विड्या मागे लपायच्या. ज्या माणसांच्या हजेरीवर ते सही करायचे, त्यांच्याच पोरांबरोबर मी लंगडी खेळायचे, आणि हरले की एखादी पोर म्हणायची, "हिला आउट नको करू, हिचे आण्णा लिहून ठेवतील."

आण्णा खरंच लिहून ठेवायचे.

पॅनचं लॉगबुक हा त्यांचा देव्हारा होता. कुठलं पॅन किती वाजता भरलं, दाणा किती वाजता धरला, सिरप किती पाजलं, माल किती वाजता खाली सोडला, ब्रिक्स, म्हणजे माल किती घट्ट त्याचा आकडा, किती, शेवटी सही. टपोरं, एकेक अक्षर वेगळं उभं केलेलं लेखन. दोन चुकीचे आकडे खोडून त्यावर लिहिलेलं त्यांना खपायचं नाही. खोडायचं असेल तर एकच सरळ रेघ, खाली काय होतं ते वाचता यायला हवं, शेजारी सही. माझ्या शाळेच्या वह्यांनाही हाच नियम होता, आणि बाईंना वाटायचं की मी फार प्रामाणिक मुलगी आहे.

१९९४ च्या जानेवारीतली एक रात्र आमच्या चाळीच्या इतिहासात आहे. कोपऱ्याच्या खोलीतले काका पॅनमन होते, आण्णांच्याच हाताखाली तयार झालेले. त्यांची मुलगी आणि मी एका बाकावर. त्या रात्री आठ ते चारच्या पाळीत, अडीचच्या सुमाराला, आण्णा राउंडला गेले तर काका पॅनपाशी स्टुलावर बसल्या-बसल्या झोपलेले. सिरपचा व्हॉल्व्ह बंद, वाफ चालू, आतला माल घट्ट होत गेलेला. काचेत फॉल्स ग्रेनचा दुधट ढग. पाणी मारून जेवढा धुता आला तेवढा धुतला, पण त्या पॅनचा माल बिघडला तो बिघडलाच. आण्णांनी लॉगबुकात लिहिलं, "पॅनमन जागेवर झोपलेला आढळला." व्हॅक्यूम पडला, वाफेचं प्रेशर खालीवर झालं, असं शंभर प्रकारे लिहिता आलं असतं, आणि लिहितातच की लोक. काकांना नोटीस, चार दिवस निलंबन, सर्व्हिस बुकात शेरा. पुढे बढतीची यादी लागली तेव्हा तिच्यात त्यांचं नाव नव्हतं.

त्यांची मुलगी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. काकूंनी आमच्याकडून विरजण न्यायचं बंद केलं. काका मात्र आण्णांशी कामापुरतं, अगदी अदबीने, बोलत राहिले, आणि ते जास्त वाईट होतं. आईने एकदाच विषय काढला होता, मी पांघरुणात जागी होते. "चार शब्द कमी लिहिले असते तर?" आण्णा म्हणाले, "तीन वाजताचा ब्रिक्स लिहिलाय. तो कसा आला, ते लिहायला नको?" मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. मला तेव्हा आण्णांचा राग आला होता, आणि त्याच वेळी शाळेत जाऊन सगळ्यांना सांगावंसं वाटत होतं की माझे वडील खोटं लिहीत नाहीत. माझ्या तेराव्या वर्षी या दोन्ही गोष्टी एकाच पोटात कशा मावल्या, मला अजून कळत नाही.

तर, डॉक्टरांची खोली. ग्लासाचा खेळ झाल्यावर त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "काका, एखादं वाक्य लिहा." आण्णांनी तारीख घातली, खाली स्वतःचं पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा. सुरुवातीचं अक्षर नखाएवढं होतं. जिल्ह्यापर्यंत येता-येता ते तिळाएवढं झालं. डॉक्टरांनी आईला विचारलं, "यांना वास नीट येतो का?" आई म्हणाली, "दूध करपून घर धुराने भरलं तरी ह्यांना पत्ता नसतो. पाच-सहा वर्षं झाली असतील. मी म्हटलं, वयच झालं." डॉक्टर मान हलवत लिहीत होते. वास जाणं, अक्षर बारीक होणं, एका बाजूचा हात-पाय जड होणं, आणि ही गोळी वळणारी बोटं. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टरने या आजारावर पहिल्यांदा नीट लिहिलं, म्हणून त्याचं नाव. आपल्याकडे कंपवात म्हणतात. बरा होत नाही, पण औषधाने आवरता येतो. अंगठा आणि तर्जनीच्या या हालचालीला डॉक्टर लोक गोळी वळण्याचीच उपमा देतात म्हणे. जुन्या काळी औषधाच्या गोळ्या हाताने वळत, त्यावरून.

दूध करपल्याचा वास न येणारा हा माणूस. दाराशी उभं राहून, कारखान्याकडून वारा आला की "आज सल्फर जास्त मारलाय" म्हणणारा. कॉलनीतल्या बायका त्याच्या बोलण्यावर वाळवण काढायचं की ठेवायचं ते ठरवायच्या.

गाडीत परतताना मी मागच्या सीटवर होते, आण्णांचा हात दिसेल अशी. सातारा रस्त्यावरची गर्दी, वायपरचा आवाज, आणि गुडघ्यावर ते चाललेलं. माझ्या डोक्यात एकच चक्र. हे 'करणं' कुठे संपलं आणि 'होणं' कुठे सुरू झालं? २०१४ च्या दिवाळीत ते झोपाळ्यावर बसले होते आणि बोटं चालू होती, मी मोबाइलवर व्हिडिओ काढून भावाला पाठवला होता. खाली लिहिलं होतं, 'रिटायर झाले तरी पॅन चालूच.' भावाने हसणारे चार चेहरे पाठवले होते. तो व्हिडिओ मी त्या रात्री काढून बघितला, आवाज बंद करून. अकरा सेकंदांचा आहे. त्यात फक्त उजवाच हात चालतो, आणि आण्णा टीव्हीकडे बघत नाहीत, कशाकडेच बघत नाहीत. तार बघणारा माणूस बोटं उघडतो. घासल्यावर शेवटी उघडतोच, नाहीतर तार दिसणार कशी? त्या व्हिडिओत बोटं एकदाही उघडत नाहीत. मी पॅनवाल्याची मुलगी. मला हे दिसायला हवं होतं.

पुढच्या खेपेला गावी गेले तेव्हा माळ्यावरून त्यांच्या डायऱ्या काढल्या. कारखाना दरवर्षी लाल पुठ्ठ्याची दैनंदिनी वाटायचा, पहिल्या पानावर संस्थापकांचा फोटो, शेवटी उसाच्या जातींचा तक्ता. आण्णा त्यात घरचे हिशेब आणि कामाच्या दोन-चार ओळी लिहायचे. निवृत्तीनंतरही सोडलं नव्हतं. मला अक्षर बघायचं होतं, कधीपासून बारीक झालं ते. २००८ टपोरं. २०१० थोडं आखडलेलं. २०१२ मध्ये ओळी उजवीकडे वर चढत जातात आणि शेवटचे शब्द एकमेकांत शिरतात. मला आठवलं, त्या वर्षी दुधाचा हिशेब वाचता येईना म्हणून मी म्हणाले होते, "आण्णा, शाई वाचवताय का?"

आणि मग उलट्या दिशेने चाळता-चाळता १९९४ हातात आलं. जानेवारीतलं ते पान. अक्षर कसं, खणखणीत. गॅस सिलिंडरचे पैसे, माझ्या सहलीचे पंचवीस रुपये, आणि खाली तीन ओळी: "रात्रीचा पॅनमन आला नाही. बारा ते आठवाल्यालाच डबल लावली. नको म्हणत होता." पुढे काका झोपल्याची ओळ नाही. ती लॉगबुकात गेली होती. ही तिथे गेली नव्हती.

म्हणजे दुपारी बारापासून पॅनपाशी उभा असलेला माणूस. पहाटे अडीचपर्यंत किती तास होतात, मी बोटांवर मोजले. साडेचौदा. त्याला पुढच्या पाळीला थांबवून घेणारा सुपरवायझर. त्यात गैर काय, रिलीव्हर नाही आला तर डबल लावावीच लागते, पॅन थोडंच बंद ठेवता येतं. पण ते लिहायला काय झालं होतं? एक ओळ. लॉगबुकात 'शेरा' म्हणून मोठा रकाना असतो, मी पाहिलाय. मी ती डायरी खाली आणली नाही. आईला दाखवली नाही. आण्णा खाली अंगणात सूर्याकडे पाठ करून बसले होते, औषधाची वेळ झाली होती, सकाळी आठ, दुपारी बारा, चार, रात्री आठ. डॉक्टरांनी वेळा सांगितल्या तेव्हा ते म्हणाले होते, "म्हणजे पाळ्यांच्याच की."

२०१८ च्या हंगामात ते हट्टाने कारखान्यात जाऊन आले. भावाने धरून तिसऱ्या मजल्यावर नेलं. नवीन पॅन आलेत, सतत चालणारे, आणि काचेच्या खोलीत दोन पोरं संगणकापुढे बसतात. ब्रिक्स पडद्यावर येतो, व्हॉल्व्ह आपले आपण उघडतात. पोरांनी उठून खुर्ची दिली, चहा मागवला, फार चांगलं वागले. आण्णांनी विचारलं, "तार कोण बघतं?" एक पोरगा म्हणाला, "सेन्सर आहे ना, आजोबा." आण्णा जुन्या दोन नंबरच्या पॅनपाशी गेले, ते अजून चालू होतं, काचेला कपाळ टेकवून उभे राहिले. भाऊ सांगतो, दहा मिनिटं तरी. घरी आल्यावर आईने विचारलं कसं वाटलं, तर म्हणाले, "दाणा बरा आहे त्यांचा." आणि नंतर, "एकसारखा आहे."

मग ती वर्षं आली ज्यांच्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही. चमचा, पट्टी, बेडपॅन, पाठीवरच्या जखमांना लावायची पावडर. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा बारीक झाला. चेहरा हलेना, हसले की रागावले ते डोळ्यांच्या कडेवरून ओळखायचं. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, मिलच्या गडगडाटावरून हाक मारणारा, आता त्यांच्या तोंडाशी कान नेल्याशिवाय पाणी हवंय की कूस बदलायची आहे ते कळेना.

२०२१ च्या दिवाळीनंतर कोपऱ्यातले काका आले. कॉलनी सोडून ते केव्हाच आपल्या गावी, मुलाकडे, राहायला गेले होते. एसटीने आले, हातात काठी, काखेत पिशवी. आईने ओळखलंच नाही आधी. मी चहा ठेवायला उठले आणि दारातच थबकले, कारण मला भीती वाटली. कसली, ते नेमकं सांगता येणार नाही. आण्णा काही बोलतील याची, की नाही बोलणार याची. डायरी माळ्यावर होती, माझ्या डोक्याच्या बरोबर वर.

काका पलंगाच्या कडेला बसले. "सायेब, वळखलं का?" आण्णांची नजर त्यांच्यावर स्थिर झाली. उजवा हात चादरीवर होता, चाललेला. काकांनी त्या हाताकडे बघितलं, चांगलं निरखून, पुढे झुकून, जसं पॅनवाला बघेल तसं. मग म्हणाले, "अजून पातळ हाय, सायेब. ऱ्हाऊ द्या थोडा येळ." आण्णांच्या डोळ्यांच्या कडा हलल्या. मला वाटतं, हलल्या. काका पिशवीतून प्लास्टिकची एक थैली काढत होते. कामगारांना दिवाळीची सवलतीची साखर मिळते, त्यांच्या मुलाच्या वाट्याची. "नव्या हंगामाची न्हाई, मागचीच हाय," असं म्हणत त्यांनी गाठ सोडली, चिमूटभर साखर घेतली आणि आण्णांच्या तळव्यावर ठेवली. बोटं त्यांनीच मिटवून दिली. मग आपला हात वर ठेवून थांबले.

आतल्या आत अंगठा सरकत राहिला. काही दाणे चादरीवर सांडले. खूप वेळ गेला, चहा उतू जायची वेळ झाली होती, मला ऐकू येत होता. मग आण्णांचे ओठ हलले. काकांनी कान खाली नेला. मीही वाकले.

"एस," आण्णा म्हणाले. "एस-तीस." म्हणजे बारीक दाण्याची साखर.

मी चादरीवरच्या दाण्यांकडे बघितलं. काकांनीही बघितलं. मग त्यांनी हात दाबला आणि मोठ्याने, मिलच्या आवाजावरून सांगावं तसं म्हणाले, "बरोब्बर, सायेब! एस-तीस." आणि थैलीची गाठ मारायला लागले. त्यांच्या बोटांना ती लवकर मारता येईना.

काका गेल्यावर मी थैली आत नेऊन ओट्यावर ठेवली. आईने डबा काढला, थैली ओतता-ओतता हात थांबवला, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "एम दिसतेय गं ही. केवढा मोठा दाणा आहे."